तीन खोल, एक उथळ

१२ नोव्हेंबर २००२, मंगळवार. जुन्नर

द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका संपवल्या. मांसाहारी प्राण्याचा सुळा काढा म्हटले, तर निम्म्या वर्गाने गाजर काढले आहे. प्राचार्यांच्या परिपत्रकात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका, की तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवले. रागावतील. रागावोत.

अनिरुद्धने काल पुन्हा लग्नाचे विचारले. (यापुढे नुसते अ. लिहीन, पूर्ण नाव लिहिताना अक्षर बिघडते, आणि बिघडलेले अक्षर मला खपत नाही.) गुरांचा डॉक्टर, विधुर, वय माझ्याएवढेच. मी या गावात अकरा वर्षे काढली. माझे वाक्य पूर्ण ऐकून घेऊन मग उत्तर देणारा हा पहिला माणूस. विचार करते म्हटले. म्हणाला, "प्रश्नपत्रिका काढायला तू इतका वेळ घेत नाहीस."

हसले. नोंद घ्यावी अशी गोष्ट.

सुमन आज कामाला आली नाही. निरोपही नाही. असे ती कधी करत नाही.

१३ नोव्हेंबर

कांता गेली. सुमनची नणंद, विधवा झाल्यावर माहेरी परतलेली. सुमनला नवऱ्याने टाकलेले. ओढ्यापलीकडच्या त्या घरात नणंद-भावजय दोघीच राहत आणि गावाला अशक्य वाटे ते करीत: भांडत नसत.

काल पहाटे गवताला गेली, ती उसाच्या कडेला सापडली. अलीकडे या भागात उसाच्या कडेला जे मेलेले सापडते ते बिबट्याने मारलेले असते. या विधानाला इथे पुरावा लागत नाही. वनखात्याची माणसे आली. जनावराच्या दातांची पारख असलेला म्हणून अ.ला बोलावले; पंचनामा झाला. चिरफाड नको म्हणून भाऊबंदांनी हात जोडले. पुरुषांनी पाहिले ते एवढेच, पदर सारून गळा.

मी पोचले तेव्हा आत बायका तिला आंघोळ घालत होत्या. सुमनने तांब्या माझ्या हाती दिला. "बाई, तुमी घाला पानी. माझा हात न्हाई उठत."

घातले. आणि पाहिले, न पाहणे मला जमत नाही. गळ्यावर चार खुणा, वर दोन, खाली दोन. तीन खोल. चौथी उथळ, जणू त्या सुळ्याला टोकच नाही. बाकी अंग स्वच्छ. पाठीवर, खांद्यावर, दंडावर कुठे नखाचा ओरखडा नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या सगळ्या शाबूत (धर्मांतरानंतर त्यांच्या घरांतून विधवेने बांगड्या उतरवायची रीत गेली).

बिबट्या नुसत्या दातांनी धरत नाही. आधी पंजे.

माझ्याबरोबर पाणी घालणाऱ्या म्हातारीनेही पाहिले. आमची नजर मिळाली. तिने पांढरे लुगडे गळ्यापर्यंत ओढून घेतले. बाहेर त्रिशरण सुरू झाले होते.

१७ नोव्हेंबर, रविवार

अ. आला. बिनसाखरेचा चहा, दोघांचाही. या गावात बिनसाखरेचा चहा मागितला की मधुमेह झाला का विचारतात.

नखांचे विचारले. त्याने कप खाली ठेवला. "म्हातारा नर असावा. एक सुळा तुटलेला, नखे झिजलेली. असे जनावर माणसावरच येते, दुसरे काही पकडता येत नाही त्याला." उपपत्ती देखणी आहे. मला सुचायला हवी होती.

मग म्हणाला, "सुटली बिचारी. काय होते तिला आयुष्यात?" हे वाक्य इथे प्रत्येक मौतीला ऐकू येते. त्याच्या तोंडी नको होते.

महाविद्यालयाची बिबट्याची कवटी अजून त्याच्याकडेच. गणपतीच्या सुमारास वनमजुरांना दाखवायला म्हणून नेली. आठवण केली. देतो म्हणाला. वस्तू वेळेवर परत न करणे हा एवढा एकच दोष.

२२ नोव्हेंबर

बाजारात त्या बिबट्याला नावही पडले: दाततुट्या. भाजीवाली सांगते, "लई हुशार हाय त्यो, बाई. पिंजऱ्यातली शेळी हुंगतो आन निघून जातो." कुणीही त्याला पाहिलेले नाही. सर्वांना तो ठाऊक आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

पारगावच्या बाजूला काल दुसरी. ऊसतोडणी कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांमधली बाई. ताप होता म्हणून फडावर गेली नाही, कोपीत एकटीच होती. माणसे परतली तेव्हा मागच्या उसाच्या तोंडाशी पडलेली. तिकडेही अ.लाच नेले.

संध्याकाळी आला. थकलेला. हात पुन्हा पुन्हा धूत होता. "तोच आहे. तीन खोल, एक उथळ."

मृत बाईचे नाव विचारले. त्याला ठाऊक नव्हते. टोळीतल्या लोकांनी आज सकाळी तिला जाळले आणि कोयते घेऊन कामाला गेले म्हणे. कारखाना थांबत नाही.

८ डिसेंबर, रविवार

अ.बरोबर लेण्याद्रीला. मला गर्दीत देव दिसत नाही; आम्ही चैत्यगृहात बसलो.

उतरताना पायऱ्यांशी एक कुत्री पडली होती, कंबर मोडलेली, गाडीखाली आलेली. भाविक वळसा घालून जात होते. अ.ने जीपमधून पेटी आणली. तिच्या कानामागे खाजवत, काहीतरी पुटपुटत, सुई दिली. तिने त्याचा अंगठा चाटला आणि तशीच निजली. एक माणूस म्हणाला, "पुण्याचं काम केलं, डॉक्टरसाहेब." तो म्हणाला, "दुखणे बघवत नाही मला. माणसाचेही."

इतक्या हलक्या हाताने मरण देता येते हे मला ठाऊक नव्हते. परतताना जीपमध्ये होकार दिला. मार्चमध्ये, नोंदणी पद्धतीने, कुणालाही न बोलावता.

वय एकेचाळीस. अक्षर पाहा.

९ डिसेंबर

सुमनला सांगितले. भांडी घासता घासता पहिल्यांदा हसली, कांता गेल्यानंतर. "लई ब्येस झालं. पर त्या साहेबांचं कसं व्हनार? तुमाला नवरा नको, बाई, उत्तरपत्रिका पायजे. तपासायला."

१६ डिसेंबर, सोमवार

कवटी परत आली. संताप झाला. कुणीतरी ती रसायनात बुडवून पांढरीफेक केली आहे; हाडाचा जुना पिवळा रंग गेला. आणि मी बसवलेले टोक गायब! वरचा डावा सुळा मुळात मोडका होता. सहा वर्षांपूर्वी मी प्लास्टरचे टोक घडवून असे बेमालूम चिकटवले होते, की मीच ते विसरून गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनाही कधी कळले नाही.

अ. म्हणतो, "मजुरांनी हाताळून घाण केली होती, म्हणून धुतली. टोक कुठेतरी पडले असेल. चिडतेस काय, पुन्हा बसव." क्षमा मागितली नाही. मजुरांवर ढकलले. दोष दोन झाले.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज प्रात्यक्षिक. शाडूच्या लाद्यांवर एकेक कवटीचा जबडा दाबायचा आणि ठशावरून प्राणी ओळखायचा. ही पद्धत माझी, अभ्यासक्रमात नाही. एका मुलीने बिबट्याचा जबडा दाबला, उचलला, आणि विचारले, "मॅडम, याचं एक भोक नीट उमटलं नाही. पुन्हा दाबू?"

तीन खोल. एक उथळ.

पुन्हा दाबायला लावले. पुन्हा तेच. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. वर्ग सोडला.

२० डिसेंबर

आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. वर्गात वर्षानुवर्षे हेच वाक्य बोलते. तर निरीक्षणे.

मोडका सुळा असलेले बिबटे पुष्कळ असतात. मी कांताच्या गळ्यावर मोजपट्टी धरली नव्हती. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, परंतु स्मरणशक्ती हा पुरावा नव्हे. कवटी या काळात त्याच्याकडे होती. त्याच्याकडून कुणीही नेली असेल. त्याच्याच घरातून, त्याच्याच जीपमधून, आणि पुन्हा आणून ठेवली असेल.

या शेवटच्या वाक्याला मी विद्यार्थ्याला शून्य दिले असते.

नखे नव्हती, कारण कवटीला नखे नसतात. बांगड्या फुटल्या नाहीत, कारण तिने हात उचलले नाहीत. त्या कुत्रीनेही पंजा उचलला नव्हता. त्याच्या पेटीत

२१ डिसेंबर

अ. आला होता. पेरू आणले, मीठ-तिखट लावून दिले. मी खाल्ले. त्याच्या बोटांकडे पाहत होते. सुंदर बोटे आहेत. काही विचारले नाही. मी! जिने कुलगुरूंना भर सभेत प्रश्न विचारला होता.

गेल्यावर कवटी विभागातल्या कपाटात कुलूपबंद केली. किल्ली माझ्या गळ्यात. आता दाततुट्याने आणखी कुणाला मारले, तर कवटीने मारले नाही हे सिद्ध होईल. अ. निर्दोष ठरेल.

म्हणजे मी कुणाच्या तरी मरणाची वाट पाहते आहे. वाक्यरचना निर्दोष आहे. पुन्हा वाचवत नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

पोलीस ठाण्यात गेले. शाडूची लादी पिशवीतून नेली. फौजदार तरुण, नम्र, मिशीवर फार मेहनत घेतलेला.

"म्हणजे कवटी चावली म्हणता, मॅडम?"

"कवटीने कुणीतरी मारले, असे म्हणते."

"आणि कुणीतरी म्हणजे डॉक्टरसाहेब. ज्यांच्याशी तुमचं ठरलंय." गावाला सारे ठाऊक असते. मग आवाज उतरवून, काळजीने: "काय बिनसलंय का? होतं असं. लग्नाआधी आमच्या हिनंपण माझी लई चौकशी लावली होती." हवालदार खुदकन हसला. "तरी केलंच ना, साहेब." "केलं, पण अजून चौकशी चालू आहे."

चहा पाजला. नंतर मात्र सरळ बोलला. "बॉडी नाही. चिरफाड नाही. तक्रारदार नाही. खांद्या-पाठीवर नखं नव्हती हे पाहिलं कोणी? आंघोळ घातलेल्या बायांनी. तुमच्या एकटीच्या शब्दावर भागणार नाही; त्यातली आणखी एक आणा, लेखी देऊ दे. मग मी आहे, तुम्ही आहात आणि डॉक्टर आहे."

मूर्ख नाही तो. हेच वाईट. राखेवर दात उमटत नाहीत.

२४ डिसेंबर

सुमनला समोर बसवून सारे सांगितले, अ.चे नाव घेऊन. ऐकून घेतले तिने. रडली नाही.

"नखं नव्हती, ते मी बी पायलं, बाई. समद्या बायांनी पायलं. आमी काय आंधळ्या हाय का?"

"मग बोल. फौजदारासमोर एकदा बोल."

"बोलून? बिबट्यानं नेली म्हटल्यावर आख्खं गाव रडलं तिच्यासाठी. वरच्या आळीतल्या बाया कदी आमच्या उंबऱ्याला आल्या नव्हत्या, त्या बी येऊन बसल्या. मानसानं मारली म्हटलं, का पैला सवाल: येवढ्या पहाटं उसात कुनासाठी गेली व्हती? जिती व्हती तवर तिच्यावर कुनी बोट दावलं न्हाई. आता मेल्यावर मी दावू?"

"आणि उद्या आणखी एखादी गेली तर?"

"तिच्या घरचे बी हेच म्हनतील."

मग उठून तांदूळ निवडायला बसली. त्या म्हातारीकडेही गेले. "मला दिसत न्हाई, माय," म्हणाली. आणि माझ्या साडीचा धागा निघाला होता तो बोटाने तोडून दिला.

मोजमाप, लाद्या, जबडे यांनी जे उभे केले, ते एका आळीच्या अब्रूपुढे कोसळले. चूक ठरवावी तर कुणाची? तिचे तर्कशास्त्र माझ्यापेक्षा पक्के आहे, आणि या तर्कशास्त्रामागेच अ. उभा आहे. त्यालाही ते ठाऊक असणार. माणसांपेक्षा बिबट्यावर लोकांचा विश्वास अधिक, कारण बिबट्या चारित्र्याविषयी बोलत नाही.

१४ जानेवारी २००३, संक्रांत

अ. तिळगूळ घेऊन आला. सुमन ओटा पुसत होती. तिलाही दिला. ती गेल्यावर सहज म्हणाला, "आता ती एकटीच राहते का?"

"का?"

"काही नाही. वाईट वाटते."

तिळगूळ हातातच राहिला.

सुमनला संध्याकाळी म्हटले, इथे राहायला ये, मागची खोली रिकामी आहे. "घराला कुलूप लावलं का भाऊबंद ताबा घेत्यात, बाई. आन तुमच्या घरात मला झोप यायची न्हाई. समदं लई जाग्यावर असतं." निदान बांधावरून न येता सडकेने येईन, एवढे वचन दिले. सडकेने लांब पडते.

२३ जानेवारी

आणे गावच्या पठारावर एका मेंढपाळावर बिबट्याने झडप घातली. वाचला. एसटीने गेले, गुळाची ढेप आणि मोसंबी घेऊन, जणू नातेवाईक. म्हातारा खाटेवर पालथा.

"आजोबा, नखे लागली का?"

"लागली का म्हंजे? पाठ बघा की, उघडीच हाय! घोंगडं फाडून पार बरगडीला गेलं. मग काय, हळूच धरील? माझ्याशी लगीन लावाया आलता का त्यो?" खोलीतल्या बायका हसल्या. म्हाताऱ्याला दुखले तरी तोही हसला. "म्हातारं जनावर व्हतं, ताई. माझ्यावानी. पर नखं घेऊन मरनार ते."

दातांच्या खुणा चारही खोल. म्हणजे म्हातारा असला तरी बिबट्या पंजे वापरतोच. अ.ची देखणी उपपत्ती गेली.

आणि परतीच्या गाडीत मला जे वाटले ते लिहायलाच हवे: निराशा. चौथी खूण उथळ असती, तर मी मार्चमध्ये लग्न केले असते.

९ फेब्रुवारी, रविवार

गणेश जयंतीची गर्दी ओसरते न ओसरते तोच नवी जत्रा. पिंजऱ्यात बिबट्या सापडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पिंजरा, भोवती गाव. शेंगा विकणारा, फोटोवाला, खांद्यावर पोरे. "दात बघा, राव! तुटका! हाच त्यो!" कुणीतरी नारळ फोडला.

गर्दीतून पुढे गेले. वरचा एक सुळा मोडलेला, खरेच. मोडलेला भाग पांढराशुभ्र, कडा धारदार, हिरडीतून रक्त. गजांवर लोंबणाऱ्या लाळेतही रक्त. जुना मोडलेला दात झिजून काळवंडतो. हा पिंजऱ्यात सापडल्यावर गज चावताना मोडला आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावे.

अ. शेजारी येऊन उभा राहिला. मी हळू आवाजात म्हटले, "हा दात आज तुटला आहे."

"हो," म्हणाला. तितक्याच हळू. "पण लोकांना झोप हवी आहे, मृणाल."

हे दयाळू माणसाचेही वाक्य असू शकते. त्या जनावराकडे पाहत होतो आम्ही दोघे. ते कुणाकडेच पाहत नव्हते.

फौजदार लांबून हसला. हात जोडले.

१६ फेब्रुवारी

अ.चा सत्कार. शाल, श्रीफळ. प्राचार्यांनी भाषणात मला "डॉक्टरसाहेबांच्या भावी अर्धांगिनी" म्हटले आणि "अर्धांगिनी" चुकीचे उच्चारले. टाळ्या. कांताचे भाऊबंद पहिल्या रांगेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार

त्याच्या दवाखान्यात गेले, भर दुपारी, कंपाउंडर बाहेर असताना. मार्चची तारीख रद्द म्हणून सांगितले. कारण विचारले नाही त्याने. मीच विचारले, "कांताच्या अंगावर नखे का नव्हती?"

तो सुया उकळत होता. एकेक चिमट्याने काढून ओळीने मांडली. मग, "तिला काही कळले नाही. एवढे पुरेसे नाही का तुला?"

कुणीही भला माणूस मयताच्या घरी हेच बोलतो. मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी तपासले आहे. दोन्ही बाजूंनी ते बसते.

निघताना म्हणाला, "संशय हे एकटेपणाचे दुखणे आहे. तुझी अवस्था मला बघवत नाही." डोळ्यांत पाणी होते. खरे होते. मला खोटे ओळखता येते. ते खरे होते.

मी पायऱ्या उतरले आणि मला परत जावेसे वाटले. हे इथे राहू दे.

२० फेब्रुवारी

नोकरी सोडून पुण्याला निघून जावे. गेले तर सुमन. सुमन येणार नाही. न गेले तर

वनखात्याने पिंजरे हलवले. बिबट्या दूर कुठे पाठवला. सुमन म्हणाली, आता कशाची भीती? पुन्हा बांधावरून येऊ लागली आहे. वचनाचे विचारले तर, "ते बिबट्या व्हता तवाचं."

"बिबट्या नव्हताच, सुमन. तुला ठाऊक आहे."

"ठावं हाय. पर गावाला म्हायती न्हाई ना. सडकेनं गेले तर इचारत्यात, आता कशापायी भितीस गं? काय सांगू?"

२८ फेब्रुवारी

उद्या पुण्याला. न्यायवैद्यकातला जुना सहाध्यायी आहे. शाडूची लादी घेऊन जाते.

३ मार्च, सोमवार

सहाध्यायी म्हणाला, देह नाही तर काही नाही. पुढच्या वेळी लवकर ये. "पुढच्या वेळी" हे शब्द त्याने सहज उच्चारले.

दुपारी विभागात. कपाट बंद, कुलूप शाबूत. आत कोल्हा, मुंगूस, तरस. बिबट्याची जागा रिकामी.

प्राचार्यांच्या खोलीत गेले. आनंदाने सांगितले त्यांनी: "शनिवारी डॉक्टरसाहेब आले होते. आंबेगावच्या मजुरांचं शिबिर आहे म्हणाले. तुम्ही रजेवर. मग माझ्याकडच्या किल्लीने काढून दिली. म्हटलं, परक्याला थोडीच देतोय? घरातलाच माणूस तुमचा!" लग्न मोडल्याचे मी कुणाला सांगितले नव्हते. अभिमान. माझ्या खाजगी गोष्टींची चर्चा शिक्षककक्षात नको म्हणून.

दवाखान्यात फोन केला. कंपाउंडर: साहेब फिरतीवर.

धावत सुमनकडे. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला पाहून, "अगं बया, चपला दोन दोन तऱ्हेच्या!" खरेच होत्या. कवटीचे सांगितले. हसू गेले. उद्या सडकेनेच येते म्हणाली. मी म्हटले, आत्ता चल. "म्हशीची धार कोन काढंल? सकाळच्याला येते ना. चा टाकून ठिवा."

हट्ट केला. पाय धरायचे बाकी ठेवले. पाय धरायला हवे होते.

४ मार्च, मंगळवार

चहा दोनदा उकळला. सुमन आली नाही.

दवाखान्यात फोन. कंपाउंडर: "साहेब पहाटंच गेले, मॅडम. तुमच्याच बाजूला म्हणाले." ठाण्यात फोन. फौजदार बंदोबस्तावर, हवालदार म्हणाला, आले की सांगतो, आणि बिबट्या तर धरला ना, मॅडम?

म्हैस आजारी असेल. पाहुणे आले असतील. या दोन्ही शक्यता मी प्रामाणिकपणे लिहिल्या आहेत.

मी बांधावरून जाते आहे. सडकेने वेळ लागेल. तो भेटला तर काय करीन ते ठाऊक नाही. भेटावा असेही वाटते. कशासाठी ते लिहीत नाही. गळ्याला लोकरी मफलर गुंडाळला आहे, मार्चमध्ये. हास्यास्पद.

रोजनिशी टेबलावर उघडी ठेवते. घराला कुलूप लावत नाही.

मी परतले नाही, आणि उसाच्या कडेला सापडले, तर ज्या बायका मला आंघोळ घालतील त्यांनी माझी पाठ पाहावी, दंड पाहावेत, मग गळा. लुगडे वर ओढून घेऊ नये. मी तिथे कशासाठी गेले होते असे कुणी विचारले, तर सांगावे: सुमनला शोधायला. आणि एकीने तरी पुढे होऊन

ओढ्याकडून जीपचा आवाज. थांबला.

निघते.